द्विध्रुवी मनोविकारात ‘सकारात्मक मन’ म्हणजे नेमके काय?

शरीर, इंद्रिये, सत्त्व आणि आत्मा यांचा संयोग म्हणजे आयुष्य, ही व्याख्या आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेली असते. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र केसपेपरवर नाडी, मल, मूत्र, जिव्हा यांची नोंद होते आणि सत्त्वपरीक्षेचा रकाना बहुधा कोराच राहतो. मनाची तक्रार घेऊन रुग्ण आलाच, तर एखादे मेध्य औषध आणि त्याच्या जोडीला ‘मन खंबीर ठेवा, सकारात्मक विचार करा’ एवढा उपदेश, यावर आपले काम भागते. या उपदेशाला खर्च नाही आणि त्याने अपाय तर होणारच नाही, अशी आपली समजूत असते. द्विध्रुवी मनोविकार, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डर, हा व्याधी ही समजूत खोटी ठरवतो. या व्याधीत सकारात्मक मन कशाला म्हणावे, ते कसे घडवावे आणि त्यात वैद्याचा व औषधालय चालकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधीचे स्वरूप

या व्याधीत मनाची स्थिती दोन टोकांकडे जाते. एका टोकाला मॅनिया, म्हणजे अत्युत्साहाची अवस्था. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरीही थकवा जाणवत नाही. बोलणे भरभर, विचार त्याहून भरभर, मोठमोठे बेत, उधळपट्टी, चिडचिड, आपण काहीही करू शकतो असा विश्वास. कधी भास व भ्रमही असतात. ही अवस्था निदान आठवडाभर टिकते. तिचेच सौम्य रूप, म्हणजे हायपोमॅनिया, चार दिवसांचेही असू शकते. दुसऱ्या टोकाला नैराश्य असते. निदान दोन आठवडे उदासी, निरुत्साह, अपराधीपणाची भावना, झोप व भूक यांत बिघाड आणि अनेकदा मरणाचे विचार. मधल्या काळात बरेच रुग्ण घर, नोकरी, शेती नीट सांभाळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा व्याधी होता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा व्याधी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले, म्हणजे दर दोनशे प्रौढांत एक. त्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांहून अधिक नोंदली गेली. सर्वेक्षणाचे हे प्रमाण येथे लावले, तर हजारो कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. त्यांतील अनेक जण कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपल्याच दवाखान्याची पायरी चढत असतात.

ते येतात ते बहुधा नैराश्याच्या काळात. अंगदुखी, अनिद्रा, अग्निमांद्य, ‘कशातच लक्ष लागत नाही’ अशा त्यांच्या तक्रारी असतात. अत्युत्साहाच्या काळात रुग्णाला आपण कधी नव्हे इतके बरे आहोत असेच वाटते, मग तो वैद्याकडे कशाला येईल? म्हणून उदास रुग्णाला आणि शक्यतो त्याच्या घरच्यांनाही एक प्रश्न आवर्जून विचारावा : पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की झोप फारच कमी झाली, तरी थकवा नव्हता आणि बोलणे, खर्च, बेत सारेच वाढले होते? उत्तर ‘होय’ असेल तर हे साधे नैराश्य नसण्याची शक्यता आहे व मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. अशा रुग्णास नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास मन दुसऱ्या टोकाकडे जाण्याचा धोका असतो.

संहितेत याचे स्थान

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. अत्युत्साहाच्या अवस्थेतील रुग्ण पाहिला की यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ उलगडतो. तथापि द्विध्रुवी विकार म्हणजे अमुकच उन्माद, असे एकास एक समीकरण मांडणे आम्हास योग्य वाटत नाही. उन्मादाची कक्षा त्याहून मोठी आहे आणि नैराश्याच्या अवस्थेची लक्षणे अन्यत्रही विखुरलेली आहेत. दोष, सत्त्व आणि अवस्था पाहून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करणे हेच शास्त्राला धरून होईल. संहितेत उन्मादासाठी आश्वासनाबरोबर भय दाखविण्याचे, बांधून ठेवण्याचे उपायही आलेले आहेत. ते त्या काळाचे होत. आज रुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निषिद्ध आहे आणि वैद्याच्या नीतीसही ते मान्य होणारे नाही.

नुसता आशावाद का पुरत नाही?

नैराश्याच्या गर्तेतील रुग्णास ‘चांगला विचार करा’ असे सांगितले तर त्यास काय ऐकू येते? आपले दुःख आपल्याच चुकीमुळे आहे, मनावर घेतले असते तर आपण केव्हाच बरे झालो असतो, असे. अपराधीपणा हे या अवस्थेचे लक्षणच आहे. आपला उपदेश त्यात भर घालतो. ज्याचा पाय मोडला आहे त्यास चालण्याचे फायदे सांगण्यासारखेच हे आहे.

दुसऱ्या टोकाला तर हाच उपदेश आगीत तेल ओततो. अत्युत्साहाच्या उंबरठ्यावरील रुग्णाकडे आत्मविश्वास, उमेद, मोठी स्वप्ने सारे काही भरपूर असते. एरवी ज्याला आपण सकारात्मकता म्हणू, ते येथे व्याधीचे पूर्वरूप असू शकते. घरचेही सुखावतात. इतके दिवस अंथरुणात पडून असलेला मुलगा आता पहाटे चारला उठून नव्या धंद्याचे आराखडे मांडतो आहे, याचा आनंद कोणाला होणार नाही? आठ-दहा दिवसांनी जमीन गहाण पडलेली असते किंवा गुजरीतून उधारीवर सोने घरी आलेले असते, तेव्हा कोठे खरी गोष्ट ध्यानात येते.

म्हणून या व्याधीत सकारात्मक मनाची व्याख्या आनंदावरून करता येत नाही, ती स्थैर्यावरून करावी लागते. नैराश्यात ‘हेही ओसरेल’ हे आठवणे आणि उत्साहात ‘यालाही मर्यादा हवी’ हे आठवणे, या दोहोंना आम्ही सकारात्मक मन म्हणतो. दोन्हींत समान धागा आहे तो स्मृतीचा. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, हे शास्त्रवचन या व्याधीइतके अन्यत्र क्वचितच प्रत्ययास येते.

पाच साधने

मानस दोषांसाठी चरकाचार्यांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी ही पाच साधने सांगितली आहेत. अहितकर विषयांपासून मनास आवरणे, हा सत्त्वावजयाचा गाभा. ही साधने व्यवहारात अशी आणता येतील.

ज्ञान : रुग्ण आणि त्याचा व्याधी एक नव्हेत, याची जाणीव. ‘तो बायपोलर आहे’ असे न म्हणता ‘त्याला हा व्याधी आहे’ असे म्हणावे. मधुमेही मनुष्य जसा केवळ मधुमेह नसतो, तसेच हे. बोलण्यातला हा लहानसा बदल रुग्णाची मान ताठ ठेवतो.

विज्ञान : व्याधीची नेमकी माहिती. बार्सिलोना येथे कोलोम व व्हिएटा यांनी १२० रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. औषधे सर्वांचीच चालू होती. एका गटास २१ बैठकांतून व्याधीचे शिक्षण दिले गेले. पूर्वसूचना कशा ओळखाव्यात, औषधे का घ्यावीत, दिनक्रम कसा ठेवावा, असे त्याचे विषय होते. दुसऱ्या गटाच्याही बैठका झाल्या, पण त्यांत असे शिक्षण नव्हते. शिक्षण मिळालेल्या गटात व्याधीचे पुनरावर्तन कमी आढळले आणि पाच वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. एकत्र बसून धीर देण्यापेक्षा नेमकी माहिती देणे अधिक उपयोगी ठरले, हा बोध आपण घ्यावा.

धैर्य : हे एकदम मागू नये, लहान कामांतून उभे करावे. नैराश्यात ‘आज स्नान केले, दहा मिनिटे अंगणात बसलो’ एवढेही पुरेसे मानावे. अत्युत्साहात धैर्याचा अर्थ थांबणे असा होतो. मोठी खरेदी, कर्ज, राजीनामा, लग्नाचा निर्णय यांसाठी ‘दोन रात्रींची नीट झोप आणि घरातील एका व्यक्तीची संमती’ असा नियम रुग्णाने बरा असतानाच स्वतःसाठी ठरवावा.

स्मृती : आमच्या मते पाचांतील हे सर्वांत मोलाचे साधन होय. नैराश्यात चांगले दिवस आठवत नाहीत आणि अत्युत्साहात वाईट दिवस आठवत नाहीत. म्हणून स्मृती कागदावर असावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील रोजच्या चौकोनात तीन गोष्टी लिहाव्यात : किती तास झोप झाली, मन उणे तीन ते अधिक तीन यांपैकी कोठे होते, आणि औषध घेतले की नाही. दोन-तीन महिन्यांत रुग्णाचा स्वतःचा क्रम दिसू लागतो. बहुतेकांत झोपेचा आकडा मनाच्या आकड्याच्या आधी ढळतो, आणि तीच वेळ हालचाल करण्याची असते.

समाधी : येथे तिचा अर्थ चित्ताचे स्थैर्य असा घ्यावा. मंद श्वसन, नामस्मरण, भजन, बागकाम यांपैकी जे रुग्णाला रुचेल ते घडावे. दीर्घ मौन, तीव्र प्राणायाम, रात्र-रात्र चालणारी साधना मात्र टाळावी. निद्रानाशातून चालणारी साधना मनाला दुसऱ्या टोकाकडे ढकलू शकते.

दिनचर्या : आपले बलस्थान

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे त्रय उपस्तंभ. यांतील निद्रा या व्याधीत मुख्य खांब ठरते. पिट्सबर्ग येथील एलेन फ्रँक यांनी उठणे, जेवणे, कामास लागणे, लोकांत मिसळणे व झोपणे यांच्या वेळा स्थिर ठेवण्यावर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीव्र अवस्थेत ही पद्धती शिकलेल्या रुग्णांमध्ये पुढचा झटका येण्यापूर्वीचा काळ लांबलेला आढळला. दिनचर्या शिकविण्यात आपणास कोण मागे टाकणार? फक्त ती सर्वसाधारण उपदेशासारखी न सांगता या रुग्णाच्या मात्रेने सांगितली पाहिजे.

कोल्हापुरात याला स्थानिक संदर्भ आहेत. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्रातील जागर, जागरण-गोंधळ, चोवीस तास उलटून जाणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक, विश्वचषक फुटबॉलचे रात्री-पहाटेचे सामने, साखर कारखान्यांच्या हंगामातील आणि फौंड्रीतील रात्रपाळ्या, ही सारी जागरणाची निमित्ते. यांतून रुग्णाने अंग काढून घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. दर्शन दिवसा घ्यावे, मिरवणुकीत संध्याकाळी थोडा वेळ सामील व्हावे, दिवसपाळीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे, अशी तडजोड काढता येते. सणात वाटा असणे हाही मनाचा आहारच आहे.

लिथियम घेणारा रुग्ण आणि आपले उपचार

या व्याधीतील एक प्रमुख औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली मॅनियातील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पुनरावर्तन रोखण्याबरोबर आत्महत्येचे प्रमाण कमी करण्याचा गुणही त्याच्या नावावर आहे. मात्र त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर अगदी थोडे आहे. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवले जाते, १.५ च्या वर विषबाधेची भीती असते. वैद्यांनी येथे विशेष सावध असले पाहिजे.

लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील मीठ व पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही राखून ठेवते आणि रक्तातील त्याचे प्रमाण चढते. आता आपले उपचार आठवावेत. वमन, विरेचन, तीव्र स्वेदन, लंघन, मीठ वर्ज्य करण्याचे पथ्य, मूत्रल द्रव्ये, एकादशीचा निर्जळी उपवास, नवरात्राचे नऊ दिवस : यांपैकी प्रत्येक गोष्ट लिथियम घेणाऱ्या रुग्णास विषबाधेकडे नेऊ शकते. चहा-कॉफी एकदम बंद केल्यासही हे प्रमाण वाढू शकते. उलटी, जुलाब, हातापायांना मोठा कंप, तोल जाणे, जड जीभ, गोंधळलेपणा ही विषबाधेची लक्षणे होत. विरेचनाच्या दिवशी जुलाब अपेक्षितच असल्याने ही सूचना नेमकी तेव्हाच नजरेतून निसटते. असा संशय आल्यास औषध देत बसू नये, रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. संमिश्र प्रॅक्टिस करणाऱ्या बंधूंनी हेही लक्षात ठेवावे की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही लिथियमचे प्रमाण वाढते. सबब, शोधनाचा विचार करण्यापूर्वी ‘मनाची कोणती गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न एकांतात विचारल्याशिवाय राहू नये.

आमचे औषध सुरू झाले, आता ती गोळी बंद करा, असे कोणीही सांगू नये. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांना स्वतःला हा व्याधी आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी लिथियम नाकारण्याची स्वतःची ओढ आणि तिची जबर किंमत मोकळेपणाने मांडली आहे. बरे वाटू लागले की औषध सोडावेसे वाटणे हा या व्याधीच्या वाटेवरचा ठरलेला टप्पा आहे. त्या टप्प्यावर वैद्याचा एक शब्द रुग्णास तारू किंवा मारू शकतो.

आपल्या औषधांना पूरक म्हणून स्थान निश्चित आहे. पिट्सबर्ग येथे चेंगप्पा व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मन स्थिर असलेल्या ६० रुग्णांपैकी काहींना चालू औषधांच्या जोडीने अश्वगंधेचा ५०० मिलिग्रॅम अर्क रोज आठ आठवडे दिला गेला. स्मरण व प्रतिसादवेगाच्या काही चाचण्यांत त्यांना लाभ दिसला. अभ्यास लहान आहे. परंतु ‘जोडीने’ हा त्यातील शब्द मोठा आहे. सर्पगंधेबाबत मात्र जपून असावे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबातील तिचा उपयोग मांडला. पुढे १९५२ साली तिच्यापासून रिसर्पिन वेगळे केले गेले आणि त्याच्या वापरात नैराश्याच्या नोंदी होऊ लागल्या. त्यांबाबत मतभेद असले, तरी नैराश्याचा इतिहास असलेल्या रुग्णास ती झोपेसाठी देऊ नये, हेच शहाणपणाचे.

औषधालय चालकांसाठी

रुग्ण वैद्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी येतो, दुकानात मात्र वारंवार येतो. दरमहा गोळ्या नेणारा रुग्ण एखाद्या महिन्यात फिरकला नाही, तर पुढच्या भेटीत सहज चौकशी करावी. गोळीचे नाव काउंटरवर मोठ्याने उच्चारू नये. सर्पगंधेच्या गोळ्या ‘झोपेसाठी काहीतरी द्या’ एवढ्यावर देऊ नयेत. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. गुंगी आणणारी औषधे घेणाऱ्यास ती वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने रस्ते बंद पाडले, तेव्हा औषधांचा पुरवठा तुटणे म्हणजे काय, हे जिल्ह्याने अनुभवले. शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यातील अशा रुग्णांना वैध चिठ्ठीवर पावसाळ्यापूर्वीच महिनाभराचा साठा जलरोधक पिशवीत बांधून ठेवण्यास सुचवावे.

संकटाच्या वेळी

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार सुचतात, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘होय’ असेल तर रुग्णास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व गोळ्या कुलपात ठेवावयास सांगाव्यात आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, अर्थात सीपीआर, सर्वांस परिचित आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीस आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क मिळते. दवाखान्यात व दुकानात हा क्रमांक ठळक लावावा.

२०१७ च्या कायद्याने रुग्णास आणखी एक अधिकार दिला आहे. पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे तो आधीच लेखी नमूद करू शकतो. बरा असलेल्या मनाने आजारी मनासाठी लिहून ठेवलेली ही स्मृतीच होय. याच कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधारकांना स्थान दिले आहे. आपणा बी.ए.एम.एस. वैद्यांचा त्यात समावेश नाही. तेव्हा ओळखणे, योग्य ठिकाणी पाठविणे, दिनचर्या सांभाळणे आणि चालू औषधांना धक्का न लावता साथ देणे, ही आपली मर्यादा आणि हेच आपले काम.

वैद्यबंधू-भगिनींनो, या रुग्णास आपण कायमची मुक्ती देऊ, असे आश्वासन देऊ नये. ‘हा व्याधी पुन्हा येऊ शकतो, पण त्याची पावले आपण ओळखू, वाईट दिवस ओसरतात, हे तुमच्याच दिनदर्शिकेत लिहिलेले आहे,’ इतके मात्र निःशंकपणे सांगावे. ते खरे आहे, म्हणूनच ते टिकते. पुढील आठवड्यात अनिद्रेची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर सत्त्वपरीक्षेचा रकाना भरावा आणि वर सांगितलेला एक प्रश्न विचारावा, एवढी विनंती करून लेख संपवितो.